मशीनचा भोज्या

२०१९ चे गणपती २ सप्टेंबरला बसले. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी घरी गॅलरीत मखराचा मागचा पॅनल कापत बसलो होतो, स्वतःच्या हाताने जोडलेल्या सीएनसी राऊटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर लाकूड कोरणाऱ्या मशीनवर. आदल्या वर्षी थर्माकोलवर बंदी आलेली, तेव्हा आम्ही पुठ्ठ्यावर भागवलं होतं, आणि या वर्षी घरात ठराव झाला की ते गॅलरीतलं धूड नुसती जागा अडवून बसलंय तर त्याच्याकडून एमडीएफचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीचं, मखर करून घ्या. मुद्दा रास्त होता. गुरुवारच का, तर आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. आणि पुण्यात ज्याने चार महिने काढलेत त्याला विचारा, गुरुवार हा मेंटेनन्ससाठी लाईट जायचा वार, हे काय मला कुणी सांगायला पाहिजे होतं असं नाही, पण सणाच्या गडबडीत वार कोण बघतंय. साडेतीन तासांचं काम, दोन तास वीस मिनिटं झालेली, मधलं कमळ पूर्ण होऊन बिट, म्हणजे कापणारं पातं, बाहेरच्या वेलीवर फिरत होतं आणि ते फिरवणाऱ्या ट्रिमरचा तो कानठळ्या बसवणारा आवाज खाली खाली येत बंद झाला. पंखा बंद. शेजारच्यांचा मिक्सर बंद. तेव्हा वार आठवला.

तोपर्यंत माझ्या मशीनला होम स्विच नव्हते.

लावणार होतो. मशीन बनवणारा प्रत्येक जण लावणारच असतो. आधी मोटरी फिरल्या पाहिजेत, मग काहीतरी कापून बघितलं पाहिजे, मग कापलेल्याचे फोटो चार जणांना पाठवले पाहिजेत, आणि त्यानंतर स्विचचं कुणाला सुचतं. माझं तर दोन वर्षं त्यांच्याशिवाय चाललं होतं. टेबलाच्या कोपऱ्यात पेन्सिलची एक फुली, बिट हाताने त्या फुलीवर आणायचं, सॉफ्टवेअरमध्ये झिरो दाबायचं, झालं. नेमप्लेट कापायला तेवढं पुरतं.

लहानपणी लपाछपीत भोज्या असायचा, आठवतंय ना, एखादा खांब नाहीतर जिन्याचा कठडा. कुठंही लपा, कितीही पळा, शेवटी हात तिथं लागला पाहिजे. होम स्विच म्हणजे मशीनचा भोज्या, याहून चांगला शब्द मला सापडला नाही. हॉबी मशीनमध्ये बोर्ड, म्हणजे मशीनचा मेंदू, आणि पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटर यांचा व्यवहार असा की बोर्ड म्हणतो चारशे पावलं चाल, मोटर चालते, आणि बोर्ड आपल्या वहीत लिहितो की एक मिलिमीटर झालं. मोटर खरंच चालली का, मध्येच अडली का, कुणाचा धक्का लागला का, हे बघायला कुणी नाही. सगळा कारभार विश्वासावर. चारशे हा आकडा माझ्या मशीनचा आहे, आठ मिलिमीटर लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात आठ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू, मोटरची एका फेऱ्याची २०० पावलं, आणि मोटरला करंट देणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, म्हणून. आता लाईट गेली की ती वहीच कोरी होते. बोर्ड परत चालू झाला की तो जिथं उभा आहे त्यालाच शून्य म्हणतो. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर पट्टी बांधून आपल्याला गोल गोल फिरवून सोडायचे, तसं.

दुपारी चारला लाईट आली. तोपर्यंत एक गोष्ट झाली होती जी मला नंतर कळली. माझ्या झेडलाही, म्हणजे वर-खाली होणाऱ्या अक्षालाही, तोच आठच्या लीडचा स्क्रू होता, मोटरमधला करंट गेला की एवढा उभट स्क्रू वजन धरून ठेवत नाही, आणि वर लटकलेला दीड किलोचा ट्रिमर हळूच खाली सरकून बिट शीटमध्ये रुतून बसलं होतं. दुसरं म्हणजे ड्रायव्हरला परत पॉवर मिळाली की मोटर सरळ आपल्या जागी थांबत नाही, कॉइलमधल्या करंटचं एक ठरलेलं सुरुवातीचं गणित असतं, त्यात जी जवळची जागा बसते तिथं ती टुणकन उडी मारते. या जागा चार-चार पूर्ण पावलांनी येतात, म्हणजे माझ्या स्क्रूवर ०.१६ मिलिमीटरला एक. त्या दिवशी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बिट वर घेतलं, पेन्सिलच्या फुलीवर आणलं, फुली पण किती जाड, अर्धा मिलिमीटर तर नुसती रेघच, एक डोळा मिटून अंदाजाने झिरो घेतला आणि उरलेला प्रोग्राम सोडला. वेलीला जिथं जोड आला तिथं अर्ध्या मिलिमीटरची पायरी. लांबून दिसत नव्हती. पण एमडीएफला सोनेरी रंग मारला की प्रत्येक पायरी दिसते, आणि आरती करताना माझं लक्ष दहा दिवस त्या पायरीकडे.

खालच्या मजल्यावरचे काका दर्शनाला आले होते. तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात मशीन मेंटेनन्समध्ये काढलेली, आता रिटायर. प्रसाद हातात घेऊन ते मखराच्या जवळ गेले, वेलीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "इथं लाईट गेलती काय रे?"

मी म्हटलं हो. मग त्यांना गॅलरीत मशीन बघायचं होतं. बघितलं. मोटरी बघितल्या, स्क्रूचा प्ले हाताने ओढून बघितला, आणि विचारलं, "याचं होम कुठंय?"

"होम नाही काका. हॉबी मशीन आहे हो हे."

"हॉबी म्हणून काय आंधळं ठेवायचं?"

काकांचं म्हणणं असं की त्यांच्या कारखान्यात सकाळी मशीन चालू केलं की ऑपरेटरने चहाच्या आधी रेफरन्स मारायचा, म्हणजे मशीनला होमला न्यायचं, झेड आधी वर, मग आडवे एक्स-वाय, आणि त्याशिवाय मशीनचा कंट्रोल काम सुरूच करत नाही. जुन्या व्हीएमसीवर, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या मिलिंग मशीनवर, हे कसं चालायचं ते त्यांनी मला सोफ्यावर बसून, टीपॉयवरचं रिमोट सरकवत सरकवत दाखवलं. टेबलाला एक लोखंडी ठोकळा असतो, त्याला डॉग म्हणतात. टेबल पळत येतं, डॉग स्विचवर चढतो, कंट्रोलला कळतं की आता जवळ आलो, ते वेग एकदम कमी करतं. पण इथं ते होम धरत नाही. डॉग स्विचवरून उतरेपर्यंत सावकाश चालत राहतं आणि मग मोटरच्या एन्कोडरवर, म्हणजे ती किती फिरली ते मोजणाऱ्या भागावर, एका फेऱ्यात एकदाच येणारी जी खूण असते, मार्कर, तिची वाट बघतं. ती आली की तिथं शून्य. "स्विच फक्त गल्ली सांगतो," काका म्हणाले, "घर नंबर मार्कर सांगतो." म्हणूनच त्या स्विचवर तेल उडालं, बुरा बसला, तो दशांशभर इकडेतिकडे झाला तरी तिथं चालून जायचं. नवीन मशीनमध्ये अॅब्सोल्यूट एन्कोडर आले, त्यांना हे रोजचं मारणं लागत नाही, पण त्यांची बॅटरी संपू दिली की मेंटेनन्सवाल्याची दिवाळी.

माझ्या स्टेपरला एन्कोडरच नाही. म्हणजे आमच्याकडे गल्ली पण स्विचच सांगणार आणि घर नंबरही त्यानेच सांगायचा. हे समजल्यावर स्विच निवडणं ही पाच मिनिटांची खरेदी उरली नाही.

माझ्या मशीनवर तेव्हा आर्डुइनो उनो नावाचा छोटा बोर्ड आणि त्यात मशीन चालवणारं जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर होतं. सिमेन स्वाले स्कोग्सरूड नावाच्या नॉर्वेच्या माणसाने ते २००९ मध्ये सुरू केलं, पुढे संगुन जिऑनने ते वाढवलं, आणि आज जगभरच्या गॅलऱ्यांमधून जी मशीनं चालतात त्यातली कितीतरी त्याच्यावर चालतात, फुकट. त्यात होमिंग कसं होतं तर आधी झेड वर जातं, मग एक्स-वाय एकदम निघतात, पहिल्यांदा जोरात जाऊन स्विचला लागतात, थोडं मागे येतात, आणि दुसऱ्यांदा एकदम हळू जाऊन परत लागतात. जोरातला वेग मुळात मिनिटाला ५०० मिलिमीटर ठेवलेला आहे आणि हळूचा २५. घर नंबर त्या दुसऱ्या, हळूच्या स्पर्शातून मिळतो. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग बरंय, गरिबाचा मार्कर."

तपकीर गल्लीत गेलो. पासोड्या विठोबाच्या बाजूने आत शिरलं की दोन्ही बाजूला वायरी, एलईडी, पंखे, फोकस, आणि मी मायक्रोस्विच मागितला की पहिल्या तीन दुकानांत एकच प्रश्न, ओव्हनचा का? मायक्रोवेव्हच्या दाराला तोच असतो ना. चौथ्या दुकानात रोलरवाला मिळाला, पट्टीच्या टोकाला छोटं चाक असलेला, सोबत बिनचाकाचा लांब पट्टीचा पण घेतला, वीस-पंचवीस रुपयाला एक, म्हटलं दोन्ही बघू. हा स्विच दिसायला क्षुल्लक आहे पण त्यातली करामत बघण्यासारखी. १९३२ मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या फ्रीपोर्ट गावात मॅकगॉल नावाच्या माणसाने काढला. आत एक ताणलेली पातळ पत्ती असते, बटण दाबत दाबत एका ठराविक जागेला आलं की पत्ती फटकन पलीकडे पलटते. टिक. तुम्ही बटण कितीही हळू दाबा, पलटायचा क्षण पत्ती ठरवते, तुमचा हात नाही. म्हणून तो परत परत त्याच जागी लागतो. पण हे बटणापुरतं. त्याच्यावर लांब पट्टी लावली की बटणाची केसभर चूक पट्टीच्या टोकाला पाच-सहा पट होऊन बसते, शिवाय पट्टी वाकते. लांब पट्टीचा स्विच मी पहिल्याच दिवशी ड्रॉवरमध्ये टाकला, तो अजून तिथंच आहे.

बाकीचे पर्याय पण बघितले, नाही असं नाही. ऑप्टिकलवाला, ज्याच्या फटीतून पत्रा गेला की उजेड अडतो, तो थ्रीडी प्रिंटरमध्ये छान, पण एमडीएफचा भुसा म्हणजे साक्षात पिठाची गिरणी, आठ दिवसांत फट बुजली. चुंबकवाला हॉल सेन्सर मी लावलाच नाही, एका मित्राच्या मशीनवर त्या चुंबकाला लोखंडाच्या किसाची दाढी उगवलेली बघितली होती.

खरा मोह होता तो प्रॉक्सिमिटी सेन्सरचा. इंडक्टिव्ह. बारा मिलिमीटर जाडीचा आटे पाडलेला दंडा, मागे लाल दिवा, धातू समोर आला की दिवा लागतो, कशाला टेकायला नको, झिजायला काही नाही, भुसा आत जायला फट नाही, दिसतो पण कसा एकदम इंडस्ट्रियल. दोन आणले. खोक्यावर लिहिलेलं चार मिलिमीटर. मी एक्सला अॅल्युमिनियमचा अँगल निशाण म्हणून लावला, अडीच मिलिमीटरची फट ठेवली, भरपूर झाली म्हटलं, आणि होमचा हुकूम सोडला. गँट्री, म्हणजे ट्रिमर वाहून नेणारा आडवा पूल, आली, सेन्सरसमोरून तशीच पुढे गेली, टोकाला आपटली आणि मोटर घर्रर्र घर्रर्र करत बसली, मी इमर्जन्सीचं बटण शोधतोय, ते मी अजून लावायचं होतं. तर गोष्ट अशी की ते चार मिलिमीटर लोखंडासाठी असतात. पितळेला ते जवळपास निम्मे होतात आणि अॅल्युमिनियमला त्याहून कमी, चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माझ्या हाताशी दीड मिलिमीटर होतं आणि मी अडीच ठेवलेलं. अँगलवर लोखंडी वॉशर ठोकला आणि दिवा लागला.

वायरिंगमध्ये पण हा सेन्सर फसवतो. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल, हे सगळीकडे सारखंच. एनपीएन प्रकारचा असला तर तो काळी वायर फक्त खाली ओढतो, वर ढकलत नाही, असं पुस्तकात असतं, मी त्या भरवशावर काळी वायर थेट आर्डुइनोत घालणार होतो. नशिबाने आधी मीटर लावला. काळ्या वायरवर जवळजवळ १२ व्होल्ट, कारण आत कुठंतरी एक रेझिस्टर तिला प्लसला बांधून ठेवतो. आर्डुइनोची पिन पाच व्होल्टची. मध्ये ऑप्टोकपलर घालायचा, जो सिग्नल उजेडातून पलीकडे देतो आणि जास्तीचे व्होल्ट अडवतो, दोन-चार रुपयाचा पीसी८१७, की विषय संपला, पण हे न बघता किती बोर्ड गेले असतील देव जाणे.

शेवटी मी एक्स-वायला रोलरचे मायक्रोस्विच ठेवले आणि प्रॉक्सिमिटी झेडला. झेडला का, तर वर जागा कमी आणि ट्रिमर सगळा भुसा तिथंच उडवतो. एक्स-वायला का नाही, तर खरं सांगायचं तर मला ती टिक ऐकायला आवडते.

नॉर्मली ओपन की नॉर्मली क्लोज यावर मी तेव्हा लोकांशी तासन्‌तास वाद घातलाय आणि आता घालत नाही. स्विचला तीन पाय असतात, दोन्ही सोयी त्यातच असतात, बहुतेक जण ओपनला जोडतात कारण ते डोक्याला सोपं वाटतं, दाबलं की चालू. क्लोजला जोडलं की उलटं, एरवी सर्किट जोडलेलं आणि दाबलं की तुटतं. रात्री गस्तवाला काठी आपटत जातो तसं आहे ते, जोपर्यंत आवाज येतोय तोपर्यंत सगळं ठीक, आवाज थांबला की उठून बघायचं. ओपन स्विचची वायर ड्रॅग चेनमध्ये, म्हणजे वायरी धरून मशीनबरोबर हलणाऱ्या साखळीत, वाकून वाकून तुटली तर मशीनला ते कधीच कळणार नाही, ते बिचारं स्विचची वाट बघत टोकाला धडकणार. क्लोजची वायर तुटली तर जागच्या जागी अलार्म. आमच्याकडे तर उंदराने खाल्ली, पावसाळ्यात, वायच्या स्विचची, आणि मशीनने सकाळी होम घ्यायला नकार दिला म्हणून कळलं. जीआरबीएलमध्ये यासाठी पाच नंबरचं सेटिंग उलटं करावं लागतं, आणि दोन टोकांचे दोन स्विच एकाच पिनवर असतील तर ते समांतर न जोडता एकामागे एक जोडायचे. एवढंच.

तीन संध्याकाळी मात्र माझ्या एका वेगळ्याच गोष्टीत गेल्या. एक्स चालतो, वाय चालतो, झेड काही केल्या स्विच ओळखत नाही. सेन्सर बदलला. वायर बदलली. बोर्ड बदलायला निघालो होतो. मग समजलं की आर्डुइनोवर बसणारा, वायरी जोडायचा जो लाल रंगाचा सीएनसी शील्ड सगळे वापरतात तो जुन्या जीआरबीएलच्या हिशोबाने छापलेला आहे. जुन्यात झेडचा लिमिट अकरा नंबर पिनवर होता. नंतर स्पिंडलचा वेग कमीजास्त करायची सोय आली, त्याला पीडब्ल्यूएमवाली, म्हणजे वेग कमीजास्त करणारा सिग्नल देणारी पिन लागते, ती अकरा, म्हणून ०.९ आवृत्तीपासून झेडला उचलून बारावर बसवलं. शील्डवरचा छापा तसाच राहिला. त्यामुळे झेडची वायर 'झेड' लिहिलेल्या जागी न लावता 'स्पिंडल इनेबल' लिहिलेल्या जागी लावायची. हे ज्याला माहीत आहे त्याला इतकं माहीत आहे की तो सांगत नाही, आणि ज्याला माहीत नाही तो माझ्यासारखा रात्री साडेअकराला मीटर घेऊन बसतो. घर बदललंय पण पाटी जुनीच.

मग आलं भूत. होम नीट होतंय, काही न कापता नुसता हवेत प्रोग्राम नीट चालतोय, पण ट्रिमर चालू केला की दहा मिनिटांत, वीस मिनिटांत, कधी लगेच, हार्ड लिमिटचा अलार्म, म्हणजे कापताना टोकाचा स्विच लागला अशी बोंब, आणि मशीन ठप्प. कुठला स्विच दाबला? कुठलाच नाही. ट्रिमरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, त्यांच्या ठिणग्यांचा गोंधळ बाजूने जाणाऱ्या वायरीत शिरतो, आणि आर्डुइनोच्या आतला, पिनला वर धरून ठेवणारा जो पुल-अप रेझिस्टर असतो तो २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे अगदी सैल धरलेला हात, जरा हिसका बसला की सुटला. मी काय काय केलं ते सांगतो, क्रम तोच जो खरा घडला. आधी प्रत्येक पिनवर १०४ छापलेला छोटा कपॅसिटर लावला, ०.१ मायक्रोफॅरडचा, बराच फरक पडला. मग बाहेरून दीड किलोओहमचे रेझिस्टर लावून पुल-अप घट्ट केला. मग स्विचच्या वायरी जाळीच्या केबलमध्ये घातल्या, जाळी फक्त बोर्डाकडच्या टोकाला अर्थ केली, आणि ट्रिमरची वायर मशीनच्या दुसऱ्या बाजूने नेली. हे सगळ्यात शेवटी केलं आणि सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. एक गोष्ट मला उशिरा कळली, ती म्हणजे डिबाउन्स नावाचं जे सव्वीस नंबरचं सेटिंग मी वाढवत बसलो होतो ते फक्त होमिंगच्या वेळी लागू होतं, कापताना नाही.

आणि खरं सांगू, त्यानंतर मी हार्ड लिमिट बंदच करून टाकलं. लोक ओरडतील. पण होम घेतलं की मशीनला आपली हद्द माहीत असते, सॉफ्ट लिमिट चालू ठेवलं की ते हद्दीबाहेरचा हुकूम आधीच नाकारतं, आणि तीन तासांच्या कामात एखादी खोटी ठिणगी येऊन शीट वाया घालवणार त्यापेक्षा मला हे परवडतं. मोठ्या ताकदीच्या मशीनवर मी असं सांगणार नाही. माझं मशीन टोकाला आपटलं तर मोटर ओरडते, बाकी काही होत नाही.

बसवण्याचं राहिलं. पहिल्यांदा मी स्विच दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवला होता, हसू नका. मग थ्रीडी प्रिंट केलेला ब्रॅकेट, दिसायला देखणा, बोटाने दाबला तर वाकायचा. आणि स्विच असा लावलेला की गँट्री समोरून येऊन त्याच्या तोंडावरच धडकेल. काकांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, तो स्विच आहे, बफर नाही." डॉग स्विचच्या बाजूने गेला पाहिजे, तिरक्या उतारावरून रोलर वर चढला पाहिजे, म्हणजे गाडी दोन मिलिमीटर पुढे गेली तरी स्विचचा जीव जात नाही. आणि खरं टोक, जिथं लोखंड लोखंडाला लागतं, ते स्विचच्या पुढे तीन-चार मिलिमीटर तरी पाहिजे. त्यांनी त्यांच्याकडचा एल अँगलचा तुकडा दिला, मी त्याला लांबट भोक पाडलं, मागेपुढे सरकवता यावं म्हणून, तर म्हणाले, सेट करायला ठीक आहे, पण जे सरकतं ते एक दिवस सरकणार. सेट झालं की त्या लांबट भोकाच्या शेजारी आरपार भोक पाडून डॉवेल मार, म्हणजे घट्ट बसणारी खुंटी. मारला. तो अँगल आजतागायत हललेला नाही, मशीनचं बाकी सगळं दोनदा बदललं तरी.

मग एका रविवारी काका त्यांचा डायल घेऊन वर आले, मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारा. माझी सगळी फ्रेम अॅल्युमिनियमची, त्यांचा मॅग्नेटिक स्टँड कशाला चिकटेना, शेवटी बायकोचा लोखंडी तवा टेबलावर क्लॅम्प करून त्यावर स्टँड उभा केला. वीस वेळा होम घेतलं. प्रत्येक वेळी डायल बघायचा, वहीत लिहायचं. काटा दोन घरांत, फार तर अडीच, म्हणजे अडीच शतांश मिलिमीटर. टेपवाल्या दिवसांत हेच मोजलं असतं तर काय आलं असतं कुणास ठाऊक. मी खूश होऊन म्हटलं, काका, आता टेबलाच्या कडेपासून होम बरोबर किती लांब येतं ते पण मोजू, तर ते म्हणाले, कशाला? ते किती का असेना. चौदा असेल, साडेचौदा असेल. रोज तेवढंच पाहिजे.

हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. होम घेतल्यावर जीआरबीएल सगळे आकडे मायनसमध्ये दाखवतं, कारण त्याचं घर मागच्या उजव्या कोपऱ्यात वर, आणि कामाची सगळी जागा त्याच्या अलीकडे. सुरुवातीला मला ते चुकीचं वाटायचं आणि मी ते बदलायला जायचो. आता त्या आकड्यांकडे बघतच नाही. मला हवा असतो तो शीटच्या कोपऱ्याचा शून्य, त्याचं होमपासूनचं अंतर जी५४ नावाच्या जागेत साठवलेलं असतं, ते लाईट गेली तरी बोर्डात राहतं. त्यात एक खोच आहे, झिरो जर जी९२ या हुकुमाने घेतला असेल तर तो लाईटीबरोबर जातो. कुठल्या सॉफ्टवेअरचं झिरोचं बटण आत काय करतं ते एकदा तपासून घेतलेलं बरं.

लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता तेव्हा मशीन मोठं केलं, वायला दोन्ही बाजूंनी दोन मोटरी, आणि पुढे उनो काढून ईएसपी३२ चा बोर्ड टाकला, त्यात जीआरबीएलच्या जागी फ्लुइडएनसी. दोन मोटरी म्हणजे नवीन दुखणं, बंद असताना गँट्रीला कुणी एका बाजूने हात लावला की ती तिरकी होते आणि मग चौकोनाचा पतंग कापला जातो. सुतार लोक म्हणतात तसं, गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही. यावर तोडगा म्हणजे वायला प्रत्येक मोटरला आपला आपला स्विच, होम घेताना ज्या बाजूचा आधी लागेल ती थांबते, दुसरी येईपर्यंत. म्हणजे रोज सकाळी गँट्री स्वतःच गुण्यात येते. फक्त दोन स्विचांमधला फरक एकदा बसवावा लागतो. मी ६०० बाय ४०० च्या चार कोपऱ्यांवर चार भोकं पाडली आणि कर्ण मोजले, दोन्ही ७२१.१ यायला पाहिजेत. एक आला ७२१.७, दुसरा ७२०.५. कर्णात जेवढा फरक, माझ्या मशीनवर साधारण तेवढाच एका बाजूचा डॉग सरकवायचा, त्यासाठी डॉगमध्ये एक छोटा स्क्रू ठेवलाय. तिसऱ्या फेरीत दोन्ही कर्ण सारखे आले. इथं डॉवेल मारायचं धाडस अजून झालेलं नाही.

२०२२ च्या गणपतीत परत मखर. परत गुरुवार, कारण सुट्टी तीच. सकाळी साडेदहाला लाईट गेली आणि मी चक्क शिट्टी वाजवत उठलो, चहा केला, पेपर वाचला. झेडला आता दोनच्या लीडचा स्क्रू आहे, ट्रिमर जिथल्या तिथं लटकलेला. बसल्या बसल्या म्हटलं बिट बोथट झालंय, तेवढं बदलून घेऊ. बदललं. तीनला लाईट आली, होम दिलं, झेड वर, टिक, टिक, टिक, तिन्ही ठिकाणचे स्विच लागले, गँट्री सरळ झाली, शीटच्या शून्यावर पाठवली तर बिट सकाळच्या कोपऱ्यावर बरोब्बर. प्रोग्राम थोडा मागच्या ओळीपासून सोडायला बोट बटणावर नेलं आणि मग लक्षात आलं. एक्स-वाय तिथंच आहे. झेडचं होम पण तिथंच आहे. पण बिट नवीन आहे, कॉलेटमधून, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीतून, किती बाहेर आलंय ते मी हाताने ठरवलंय, आणि त्याची खबर त्या सेन्सरला असायचं काही कारण नाही.

झेड परत घ्यायला बिटखाली कागद सरकवतात, अडकेपर्यंत बिट खाली आणायचं. हाताला पटकन काही मिळेना म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुलैचं पान फाडलं. बिटखाली धरलं तेव्हा दिसलं की त्यावर सगळ्या गुरुवारांना बायकोने लाल पेनने गोल केलेले होते, आणि पहिल्या गोलाशेजारी लिहिलं होतं, मशीन लावू नको.